खजुराच्या डब्यातली थोटकं

गिऱ्हाइकाला ‘ही वस्तू तुम्हाला देणार नाही’ असं तोंडावर सांगणारा विक्रेता मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. तोही दोह्यात, आणि विकायला काय, तर लाकडाच्या चुली.

गावाकडे हे सांगितलं की लोक आधी हसतात. कतारमध्ये चुली कोण घेतो, तिथे तर माणूसच भाजून निघतो, असं म्हणतात. त्यांना तिथला जानेवारी ठाऊक नसतो. संध्याकाळी वाळवंटाकडून वारा सुटला की बोटं आखडतात. तिथल्या घरांत पाहुण्यांना बसायला वेगळी मोठी खोली असते, मजलिस. हिवाळ्यात त्या खोलीत विस्तव पाहिजेच. त्याच्याभोवती बसून कॉफी प्यायची, गप्पा मारायच्या. पूर्वी उघड्या शेगडीत लाकडं पेटवत. आता व्हिलांना व्हिला चिकटल्या, एकाच्या धुराने दुसऱ्याचा एसी भरायला लागला, आणि बऱ्याच कंपाउंडांनी नियम केले की धूर दिसता कामा नये. त्यामुळे अल सद्दमधल्या आमच्या दुकानात बंद काचेच्या, कमी धूर सोडणाऱ्या लोखंडी चुली खपायला लागल्या. ब्रोशरमध्ये त्यांना लांबलचक इंग्रजी नाव होतं. तो त्यांना चूलच म्हणायचा.

तो रत्नागिरीकडचा. सगळे त्याला चाचा म्हणत, मीही. अंगाने काटकुळा, दाढी पांढरी, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी उदबत्तीचा पुडा. दुकानात चुली निवडून द्यायचं काम त्याच्याकडे, आणि कोटेशन बनवायचं माझ्याकडे. मी कोल्हापूरचा, त्यामुळे आमचं आपसात मराठी चाले. बाकी दुकान हिंदी-इंग्रजीत. मी नवीन होतो तेव्हा मला वाटायचं, या माणसाला मॅनेजरने अजून ठेवलाय कसा?

कारण तो गिऱ्हाइकाला आधी उलटतपासणीला घ्यायचा. खोली केवढी, छत किती उंच, रोज किती माणसं बसतात, लाकूड कुठून आणता, कुठे ठेवता. गिऱ्हाईक सगळ्यात मोठ्या चुलीपुढे उभं असायचं, आणि हा त्याला हाताला धरून सगळ्यात लहान चुलीकडे न्यायचा. मोठी चूल लहान खोलीत उकडते, मग लोक तिची हवा कोंडतात, आणि हवा कोंडली की लाकूड धुमसतं आणि धूर ओकतं, हे त्याचं ठरलेलं भाषण. ते तो अरबीत म्हणे, हिंदीत म्हणे, आणि गिऱ्हाईक ऐकेना की शेवटी स्वतःशी मराठीत म्हणे.

लाकडाचं तर विचारूच नका. गिऱ्हाइकाने आपल्या घरच्या लाकडाचे दोन तुकडे आणल्याशिवाय तो पुढे बोलायचा नाही. ते दोन तुकडे कानाजवळ धरून एकमेकांवर आपटायचा. खणखणीत आवाज आला तर लाकूड सुकं. बद्द आवाज आला तर ओलं, परत न्या, उन्हात टाका, महिन्याने या. एकदा एक इंग्रज बाई चुलीचं सर्टिफिकेट दाखवून म्हणाली की यात धुराचा आकडा स्वच्छ लिहिलाय. चाचाने सर्टिफिकेट आदराने दोन्ही हातांनी परत दिलं आणि म्हणाला, मॅडम, कागदावर लाकूड नेहमी सुकंच असतं. बाई हसली, आणि महिन्याने सुकं लाकूड घेऊन आली.

पण हे सगळं ठीक होतं. खरा तमाशा उदबत्तीचा.

चूल पसंत पडली तरी चाचा ती लगेच द्यायचा नाही. आधी घर बघायला जायचा. तिथे खोलीची दारं बंद करायची, खिडकी बोटभर उघडी ठेवायची, आणि मग घरातले हवा बाहेर फेकणारे सगळे पंखे चालू करायचे. स्वयंपाकघरातला, बाथरूममधला, जिथे असेल तिथला. आणि हा त्या बोटभर फटीपाशी पेटती उदबत्ती धरून उभा. उदबत्ती पुरती जळेपर्यंत, पाऊण तास, एका जागी. धूर सरळ वर गेला तर उत्तम. जोरात आत ओढला गेला तर त्या खोलीला हवा कमी पडतेय, आणि हवा कमी पडलेली खोली चुलीची धूर बाहेर नेणारी जी नळी, तिच्यातून उलटी हवा ओढते, म्हणजे चुलीचं विष घरात. मग थेट बाहेरून चुलीला हवा आणणारा वेगळा पाइप घालायचा. तो घालायला गिऱ्हाईक तयार नसेल तर चूल नाही. खलास.

लोकांचे याबद्दल नाना समज होते. केरळचं एक कुटुंब समजलं की दुकान चुलीबरोबर वास्तुशांतही करून देतं, आणि त्यांनी प्रसादाला केळी आणून ठेवली. चाचाने ती खाल्लीही. एका कतारी तरुणाने मला बाजूला घेऊन विचारलं की तुमच्या माणसाला घरात जिन दिसतात का. मी म्हटलं, नाही, त्याला पंखे दिसतात.

जळून उरलेली उदबत्तीची काडी तो फेकत नसे. कागदाच्या चिटोऱ्यात गुंडाळायचा, त्यावर घराचा ठावठिकाणा लिहायचा, आणि खजुराच्या एका पत्र्याच्या डब्यात टाकायचा. डबा त्याच्या टेबलाच्या खणात. टोक काळं झालेली, मसाला पुरता जळून गेलेली काडी म्हणजे या माणसाची पावती. मॅनेजरकडे फोटो असत, मोजमापं असत. चाचाकडे थोटकं.

त्याला जेवायला बोलवायचीही सोय नव्हती. ईदला मी बिन महमूद भागातल्या त्याच्या खोलीवर बिर्याणी खाल्ली म्हणून दिवाळीला त्याला आमच्या फ्लॅटवर बोलावलं. फराळाचं ताट समोर येईपर्यंत हा गायब. माझी मुलगी पळत आली आणि इंग्रजीत विचारायला लागली की अंकल आपल्या बाथरूममध्ये पूजा का करतायत. आमच्याकडे चूल नाही, गॅस आहे, तरी हा बाथरूमचा पंखा लावून दारात उदबत्ती धरून उभा. बायकोने त्या दिवशी तोंड दाबून हसणं काय असतं ते दाखवलं. जाताना चाचा तिला म्हणाला, वहिनी, करंज्या झकास, पण गॅस पेटवलास की खिडकी उघडत जा.

हे उदबत्तीचं खूळ आलं कुठून, असं मी त्याला अनेकदा विचारलं. प्रत्येक वेळी नवीन उत्तर. कधी म्हणे एका इराणी उस्तादाने शिकवलं. कधी म्हणे उदबत्तीचा सगळा पुडा संपवल्याशिवाय बायको नवीन घेऊन देत नाही. एकदाच, दुकानात कोणी नसताना, चुलीची काच पुसता पुसता तो म्हणाला, “धूर दिसतोय तवर भ्यायचा नाय. दिसायचा बंद झाला, की भ्यायचा.” मी म्हटलं, चाचा, आपण धूर न दिसणाऱ्या चुलीच विकतो की. तो म्हणाला, म्हणून तर. आणि पुन्हा काच पुसायला लागला. मला तो विनोद वाटला होता.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

मुऐदरमधले एक म्हातारे गृहस्थ. मोठी मजलिस, रोज पाहुणे, आणि शेजाऱ्यांनी धुराची तक्रार केलेली. त्यांच्या मुलाने येऊन चूल निवडली, चाचाने लाकडं आपटून पाहिली, सगळं जमलं. फक्त घर बघायचं राहिलं. नेमकी त्याच दिवशी चाचाची डोळ्यांच्या डॉक्टरकडे अपॉइंटमेंट होती. त्याने पुड्यातून एक उदबत्ती काढून माझ्या हातात ठेवली. सगळे पंखे लाव, पुरती जळू दे, काडी मना आणून दे, एवढंच त्याने सांगितलं.

मी गेलो. म्हाताऱ्यांनी उठून स्वागत केलं, कॉफी दिली. भिंतीला टेकून चार-पाच पाहुणे बसले होते. कॉफी वाढणारा माणूस, बहुतेक सुदानचा, त्यांच्यामागे उभा. मुलाने पंखे दाखवले. दोन लावले. तिसरा दाराच्या वर होता, मोठा. तो म्हणाला, हा रोजचा नाही, फक्त बखूरसाठी. तो मी लावला नाही.

बखूर म्हणजे सुगंधी लाकूड, कोळशाच्या निखाऱ्यावर ठेवून पाहुण्यांपुढे फिरवतात. ते फिरलं की पाहुण्यांनी उठायचं, अशी तिथली रीत. मग धूर जायला पंखा.

मी उदबत्ती पेटवली आणि खिडकीपाशी धरली. पाच मिनिटं झाली असतील. पाहुणे बोलायचे थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. आणि मला एकदम लाज वाटली. चाचाचं ठीक होतं, तो त्यांच्यातला. मी कपाळाला गंध नसलेला, पण नावावरून कळणारा हिंदू, दुसऱ्याच्या मजलिसीत उदबत्ती धरून उभा. हे काय समजतील? म्हाताऱ्यांनी सौम्यपणे काहीतरी विचारलं, मुलगा हसला. मी उदबत्ती विझवली. बाहेर गाडीपाशी आलो, जळायचा राहिलेला मसाल्याचा भाग मोडून टाकला आणि उरलेली काडी खिशात ठेवली.

दुकानात चाचा आला तो डोळ्यांत औषध घातलेला, सगळं धूसर दिसणारा. सगळे पंखे लावलेस? त्याने विचारलं. सगळे, मी म्हटलं. किती? दोन. त्याने काडी हातात घेतली, चाचपली, चिटोऱ्यात गुंडाळली आणि डब्यात टाकली. वेगळ्या पाइपाची गरज नाही, असं मी कोटेशनमध्ये टाइप केलं.

आठवड्यात चूल बसली. त्यानंतर चार दिवसांनी, दुपारची नमाज होऊन गेली होती, चाचा दुसऱ्या घराची काडी ठेवायला डबा उघडून बसला. आता त्याचे डोळे ठीक होते. माझ्याकडे पाठ होती. मुऐदरचं चिटोरं उलगडून त्याने आतली काडी उजेडात धरली.

“हिचं टोक काळं नाय,” तो म्हणाला.

मी काय बोललो ते आठवत नाही. काहीतरी बोललो. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “तिथं तिसरा पंखा हाय काय?”

मी म्हटलं, आहे. बखूरचा.

त्याने डबा बंदसुद्धा केला नाही. माझ्या टेबलावरची गाडीची किल्ली उचलून माझ्याकडे फेकली. रस्ताभर तो म्हाताऱ्यांच्या मुलाला फोन लावत होता. तिसऱ्या वेळी मुलाने घेतला. तो ऑफिसात होता. म्हणाला, घरी जेवायला पाहुणे होते, आता उठले असतील, वडील मजलिसीतच आहेत. चाचा मोडक्या अरबीत सांगत राहिला की घरी फोन कर, दार उघडायला सांग. मुलगा म्हणाला, वडील झोपले असतील, उचलत नाहीत. ते वाक्य मी गाडी चालवताना ऐकलं. पुढचा सिग्नल लाल होता की हिरवा, मी पाहिलं नाही.

लख्ख ऊन होतं. अंगणात माळी पाणी घालत होता. चाचाने मजलिसीचं दार ढकललं आणि बखूरचा तो गोड, दाट वास अंगावर आला. दारावरचा पंखा घुमत होता. कोपऱ्यात आमची चूल. काच आरशासारखी स्वच्छ, आत लाल निखारे, धुराचा एक कणही नाही. सुंदर दिसत होती. म्हातारे लोडाला टेकून, मान छातीवर. सुदानी माणूस भिंतीशी बसलेला, कॉफीची किटली कलंडलेली, आणि गालिचावर कॉफीचा मोठा डाग.

“श्वास धर,” चाचा म्हणाला, आणि आत शिरला.

त्याने म्हाताऱ्यांना काखेत हात घालून ओढलं. एवढासा काटकुळा माणूस, पण ओढलं. मी दुसऱ्याला ओढलं. माळी हातातली नळी टाकून धावला. अंगणात फरशीवर त्यांना निजवलं, माळ्याने ॲम्ब्युलन्सला फोन केला. सुदानी माणसाला लगेच उलटी झाली, तो कण्हायला लागला. म्हातारे हलेनात. चाचा त्यांच्या उशाशी बसून त्यांचे गाल थोपटत होता आणि आमच्या मराठीत म्हणत होता, उठ बाबा, उठ बाबा. त्यांना मराठी काय कळणार? मी उभा होतो. मी त्या घरी येऊन खोटं बोललो नव्हतो, खोटं दुकानात बोललो होतो, हा हिशेब मी त्या क्षणी मनात करत होतो. माणूस किती नीच असतो ते मला त्या फरशीवर कळलं.

मग म्हातारे खोकले. ॲम्ब्युलन्स आली. तीन दिवसांनी ते घरी आले.

विषारी वायूची सूचना देणारा अलार्म आम्ही प्रत्येक चुलीबरोबर देत असू. तो मजलिसीच्या कपाटात सापडला, सेल काढून ठेवलेला. पहिल्याच दिवशी बखूरचा कोळसा पेटवला तसा तो ओरडायला लागला, म्हणून काढला, असं मुलगा म्हणाला. कोळशाला ओरडला म्हणजे त्याने आपलं काम केलं होतं. ते मुलाला समजावताना चाचाचा आवाज जराही चढला नाही. पाहुणे गेले, निखारे मंदावले, नळी गार पडली, आणि तो मोठा पंखा नळीतूनच हवा ओढायला लागला. जे वर जायचं ते खाली आलं. त्याला रंग नाही, वास नाही. आणि खोलीभर बखूरचा वास होताच.

दुकानात चौकशी झाली. अलार्म काढला होता, गिऱ्हाइकाने तिसऱ्या पंख्याचं महत्त्व ओळखलं नव्हतं, असं मॅनेजरने लिहिलं. चाचाने मुलाला समोर बसवून सांगितलं की चूक आमची, पाइप आम्ही घालून देतो, आणि चूल पेटलेली असेल तर पंखा लागणारच नाही अशी सोय करतो. आमची, असं म्हणाला. माझं नाव घेतलं नाही. ती मोडकी काडी त्याने मॅनेजरला दाखवली नाही. मी वाट बघत होतो की हा मला एकदा तरी शिव्या देईल. आई-बापावरून दिल्या असत्या तरी मी घेतल्या असत्या. त्याने दिल्या नाहीत. मला मात्र त्यानंतर प्रत्येक घरी सोबत न्यायला लागला, आणि उदबत्ती माझ्याच हातात द्यायचा. पाऊण तास मी उभा, आणि तो समोर खुर्चीत, माझ्या हाताकडे बघत. एकदा एका लेबनीज घरात लोक मला हसले. चाचा हसला नाही, मीही हललो नाही.

मला वाटायचं, हा माणूस मला कधीच क्षमा करणार नाही. मी बायकोलाही तसं म्हटलं. ती म्हणाली, करावी तरी का?

त्या उन्हाळ्यात तो कायमचा गावी गेला. बिन महमूदच्या खोलीवर त्याची बॅग बांधायला मी होतो. सामान ते काय, दोन जोड कपडे, मुलींसाठी अत्तर, नातवाला खेळणं. विमानतळावर जाताना त्याने खजुराचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, तुजा. एवढंच. आत जाताना त्याने मागे वळून पाहिलं नाही. मलाही कोरडंच वाटलं, खरं सांगायचं तर.

डबा मी आणून खणात ठेवला. ऑक्टोबरमध्ये पुन्हा चुलींचा मोसम सुरू झाला आणि मी एकटा पहिल्या घरी गेलो. उदबत्ती जाळली, काडी गुंडाळली आणि दुकानात येऊन डबा उघडला. वरपर्यंत भरला होता, नवीन काडी मावेना. म्हणून सगळी चिटोरी टेबलावर ओतली की नीट लावून ठेवू. शंभरावर असतील. अल वक्रा, अल खोर, बिन महमूद, आमच्या फ्लॅटचंसुद्धा होतं, त्यावर ‘करंजी’ लिहिलेलं. मी हसलोही.

डब्याच्या तळाशी एक चिटोरं चिकटून राहिलं होतं, पिवळं पडलेलं, घड्या फाटायला आलेलं. उघडलं. त्यात दोन काड्या. एक ओळखली. टोक काळं नसलेली, माझी. दुसरी तशीच मोडलेली, पण कितीतरी जुनी, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली. दोन्ही शेजारी शेजारी, एकाच कागदात.

कागदावर त्याच्या अक्षरात दोन ओळी होत्या. पहिली फिकट निळ्या शाईत:

‘मजुरांच्या कॅम्पातली केबिन. मी एकच पंखा लावला. काडी मोडून खिशात टाकली. दोन माणसं गेली.’

आणि त्याच्याखाली नवीन, काळ्या पेनाने:

‘मुऐदर. म्हातारा वाचला.’

मी तो कागद पुन्हा वाचला. मग पुन्हा. दुकानात गिऱ्हाईक आलं होतं, मोठ्या चुलीपुढे उभं होतं, आणि मला विचारत होतं की ही आजच मिळेल का.